टंचाईच्या पाण्यातले डास

बीड जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी सहाशे-सातशे मिलिमीटर पाऊस पडतो. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार या बालाघाटाच्या पट्ट्यात तर तोही बेभरवशाचा. २०१२-१३, २०१५-१६ आणि २०१८-१९ या दुष्काळांत इथली गावेच्या गावे टँकरवर जगली. जिथे माणसाला प्यायला पाणी नाही तिथे डासाला कुठून मिळणार, असे कोणालाही वाटेल. पण डासाला धरण लागत नाही. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती जातीच्या मादीला अंडी घालायला वाटीभर स्वच्छ पाणी पुरते आणि ते तिला टंचाईच्या घरात हमखास मिळते. नळ आठ-पंधरा दिवसांनी येणार म्हटल्यावर घरात जेवढी भांडी असतील तेवढी भरली जातात. अंगणात दोन बॅरल, मोरीत हौद, गच्चीवर टाकी, ओसरीवर रांजण, गोठ्याजवळ जनावरांचा हौद. पाणी जितके दुर्मीळ, तितके ते घरात जास्त दिवस साठून राहते.

म्हणून बीडसारख्या जिल्ह्यात डासांच्या रोगांचा विचार करायचा तर पावसाचे आकडे पाहून भागत नाही. कोणते पाणी, कोणाच्या दारात, किती दिवस उभे राहते हे पाहावे लागते. कारण डास म्हणून ज्याला आपण एकच नाव देतो, ती प्रत्यक्षात वेगवेगळ्या सवयींच्या प्राण्यांची मोठी बिरादरी आहे.

जगात डासांच्या साडेतीन हजारांहून अधिक जाती आहेत आणि भारतात चारशेच्या आसपास. त्यांतल्या बहुतेकांचा माणसाच्या आजाराशी काहीही संबंध नाही. नर डास तर चावतच नाही, तो फुलांच्या व झाडांच्या रसावर जगतो. रक्त लागते ते मादीला, अंडी पिकवण्यासाठी. माणसाच्या दृष्टीने महत्त्वाचे तीनच गट: हिवताप पसरवणारा अ‍ॅनाफिलीस, डेंग्यू-चिकुनगुन्या-झिका पसरवणारा एडिस, आणि हत्तीरोग व जपानी मेंदूज्वर पसरवणारा क्युलेक्स. अ‍ॅनाफिलीस भिंतीवर बसतो तेव्हा त्याचे शरीर तिरके, शेपटाकडून वर उचललेले असते. क्युलेक्स भिंतीला समांतर बसतो. एडिस काळा, पायांवर पांढरे पट्टे असलेला, आणि तो दिवसा चावतो. पाण्यातल्या अळीवरूनही ओळख पटते. अ‍ॅनाफिलीसची अळी पाण्याच्या पृष्ठभागाला लागून आडवी तरंगते, बाकी दोघांच्या अळ्या श्वासनळी वर करून उलट्या लटकतात. गावातल्या आरोग्य सेवकाला बॅटरीच्या झोतात एवढे दिसले तरी पुढचे बरेच काम सोपे होते.

हा जातींचा भेद किती मोलाचा आहे हे ज्या शोधाने जगाला कळले, तो शोध बीडकरांना परका नाही. १८९७ साली बीड हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातला जिल्हा होता आणि त्याच संस्थानातल्या सिकंदराबादला रोनाल्ड रॉस हा लष्करी डॉक्टर हिवतापाचा जंतू डासात शोधत होता. त्याने दोन वर्षे शेकडो डास फाडून पाहिले आणि हाती काही लागले नाही, कारण तो चुकीच्या जातींचे डास तपासत होता. अखेर ठिपकेदार पंखांचे काही डास त्याने हुसेन खान नावाच्या हिवतापाच्या रुग्णाला चावू दिले. दर डासामागे रुग्णाला एक आणा मिळत असे. २० ऑगस्ट १८९७ रोजी त्यांतल्या एका डासाच्या जठराच्या भिंतीत रॉसला हिवतापाच्या जंतूच्या गाठी दिसल्या. तो डास अ‍ॅनाफिलीस होता. पुढल्या वर्षी कलकत्त्यात त्याने पक्ष्यांच्या हिवतापावर काम करून जंतूचे डासातले सगळे चक्र उलगडले, आणि माणसाच्या बाबतीत तेच इटलीत ग्रासी व त्याच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केले. १९०२ चे नोबेल पारितोषिक रॉसला मिळाले. आपल्या आजच्या मोहिमांकडे पाहताना त्याची ती दोन वर्षे आठवावीत, कारण चुकीच्या डासामागे धावण्यात आपणही पुष्कळ श्रम घालवत आहोत.

हिवतापाची महाराष्ट्रातली कथा दोन डासांची आहे. खेड्यात अ‍ॅनाफिलीस क्युलिसिफेसीस, शहरात अ‍ॅनाफिलीस स्टिफेन्सी. पहिला कालव्याची झिरप, चाऱ्यांत साचलेले पाणी, नदीपात्रातली डबकी, खाणींचे खड्डे यांत वाढतो. बीडमध्ये असे पाणी जिल्हाभर सारखे नाही. गेवराई, माजलगाव, परळी हा गोदाकाठचा आणि जायकवाडीच्या उजव्या कालव्याचा भाग वेगळा, आणि कोरडे आष्टी-पाटोदा वेगळे. क्युलिसिफेसीस हे नावही पुन्हा एका जातीचे नाही. दिसायला एकसारख्या अशा पाच भाऊबंद जाती त्या नावाखाली दडलेल्या आहेत हे पुढे गुणसूत्रांच्या तपासणीतून उघड झाले. त्यांतली एक मुख्यतः जनावरांचेच रक्त पिते आणि हिवताप फारसा पसरवत नाही, इतर पसरवतात. गोठ्यात घोंगावणारे सगळे डास सारखेच धोकादायक नसतात, ते यामुळे.

शहरी स्टिफेन्सीला विहिरी आणि टाक्या आवडतात. मुंबईत चार्ल्स बेंटली यांनी १९११ च्या अहवालात शहरातल्या हिवतापाचे मूळ विहिरींमध्ये दाखवून दिले. त्यानंतर विहिरी बुजवणे, घट्ट झाकणे हा तिथल्या महापालिकेच्या कामाचा भाग झाला. धार्मिक भावना विहिरींशी जोडलेल्या असल्याने त्याला विरोधही झाला. शंभर वर्षांनंतर हाच स्टिफेन्सी आफ्रिकेत जाऊन पोहोचला आहे. २०१२ मध्ये तो जिबूतीत सापडला, मग इथिओपियात. आफ्रिकेचा हिवताप आजवर मुख्यतः खेड्यांचा होता. आता तिथली शहरेही चिंतेत आहेत.

स्वातंत्र्य मिळाले तेव्हा देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि सुमारे आठ लाख माणसे मरत, असा अंदाज मांडला गेला होता. १९५३ मध्ये नियंत्रणाचा आणि १९५८ मध्ये निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. घराघरांच्या भिंतींवर डीडीटी फवारली गेली. १९६१ पर्यंत रुग्णसंख्या पन्नास हजारांच्या आसपास आली. एवढी मोठी घसरण सार्वजनिक आरोग्यात क्वचितच झाली असेल. मग ढिलाई आली, डासांत डीडीटीला प्रतिकार वाढला, आणि १९७६ साली चौसष्ट लाखांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. आज आकडे पुन्हा खूप खाली आले आहेत. महाराष्ट्रातला मोठा भार गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यावर आणि मुंबईवर आहे, आणि २०३० पर्यंत देश हिवतापमुक्त करण्याचे उद्दिष्ट आहे. १९६० च्या दशकाचा अनुभव असा, की शेवटचे थोडे रुग्ण शोधणे हेच सर्वांत कठीण काम असते.

आणि इथेच बीडचा स्वतःचा प्रश्न येतो. दरवर्षी दसरा-दिवाळीनंतर या जिल्ह्यातून लाखो ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. साखर कारखान्याच्या आवारात किंवा उसाच्या फडाजवळ पाचटाच्या, ताडपत्रीच्या कोप्यांत चार-सहा महिने राहतात. कोपीला भिंत नाही, म्हणजे औषध फवारायला जागा नाही. दारे-खिडक्या नाहीत, म्हणजे जाळी लावायची सोय नाही. आजूबाजूला बारमाही पाण्याचे शेत. हिवतापाचा कार्यक्रम चालतो तो आरोग्य कर्मचाऱ्याच्या गृहभेटींवर: घरी जा, ताप विचारा, बोटातून रक्त घेऊन काचपट्टी तयार करा. ऊसतोड मजूर गावात नसतो म्हणून गावच्या यादीत त्याचा ताप नोंदला जात नाही, आणि कारखान्यावरच्या यादीत तो त्या गावचा नसतो. व्हायव्हॅक्स जातीच्या हिवतापात जंतू यकृतात लपून राहतो आणि काही महिन्यांनी पुन्हा ताप आणतो. तो उपटून काढायला प्रायमाक्विनच्या गोळ्या चौदा दिवस घ्याव्या लागतात. ताप तिसऱ्याच दिवशी उतरतो, कोयता वाट पाहत असतो, उचल फेडायची असते, आणि उरलेल्या गोळ्या तशाच राहतात. हा दोष त्या मजुराच्या माथी मारणे सोपे आहे आणि अन्यायाचेही. टोळीचे गाव आणि कारखान्याचे गाव यांच्या आरोग्य नोंदी एकमेकींना जोडणे हे काम यंत्रणेचे आहे.

हिवतापाला ऋतू आहे, भूगोल आहे. डेंग्यूने मात्र भूगोलाची बंधने मोडली. भारतात त्याचा विषाणू १९४० च्या दशकात कलकत्त्यात वेगळा केला गेला. १९९६ साली दिल्लीत दहा हजारांहून अधिक रुग्ण आणि चारशेवर मृत्यू झाले तेव्हा देशाला त्याची खरी धास्ती बसली. तेव्हा तो शहरांचा आजार समजला जाई. २०२३ मध्ये देशभरात दोन लाख ८९ हजारांवर रुग्ण नोंदले गेले आणि त्यांत खेडी भरपूर होती. कारण उघड आहे. प्लास्टिकची टाकी, बॅरल, कूलर, जुने टायर, एकदा वापरून फेकायचे ग्लास हे सगळे खेड्यात पोहोचले. नळयोजनाही पोहोचली, पण रोजचे पाणी मात्र पोहोचले नाही.

एडिसची मादी अंडी पाण्यात टाकत नाही. ती भांड्याच्या आतल्या भिंतीला, पाण्याच्या रेषेच्या किंचित वर चिकटवते. ही अंडी कोरड्यात महिनोन्‌महिने जिवंत राहतात. उन्हाळ्यात बॅरल रिकामा पडला, तळाला आला, तरी ती तिथेच असतात. टँकर येतो, बॅरल काठोकाठ भरतो, पाणी अंड्यांपर्यंत चढते आणि ती फुटतात. मराठवाड्याच्या उन्हात अंड्यापासून उडत्या डासापर्यंतचा प्रवास सात ते दहा दिवसांत पुरा होतो. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा असे आरोग्य खाते सांगते, आणि नुसते पाणी ओतून चालत नाही, भांडे आतून घासावे लागते.

पण ज्या बाईने दोन तास रांगेत उभे राहून बॅरल भरला, तिला तो ओतून द्या असे सांगणारा कर्मचारी तिच्या दारातून मान खाली घालूनच परत जाणार. टंचाईच्या गावासाठी सल्ला वेगळा हवा आणि तो आहेही: पाणी दुहेरी फडक्यातून दुसऱ्या भांड्यात गाळून घ्यायचे, रिकामे भांडे घासायचे, आणि तेच पाणी परत भरून वर कापड घट्ट बांधायचे. पाण्याचा थेंबही वाया जात नाही. जनावरांच्या हौदात, मोठ्या सिमेंटच्या टाक्यांत गप्पी मासे सोडता येतात, ते अळ्या खातात आणि खर्च जवळपास नाही. जिथे मासे नकोत तिथे ठरलेल्या प्रमाणात टेमीफॉसचे द्रावण, ज्याला गावात अबेट म्हणतात. पाण्याला वास येतो म्हणून घरातली मंडळी ते टाकू देत नाहीत. आशाताईंनी ते घरोघरी नीट समजावले तर फरक पडतो.

या सगळ्याऐवजी लोकांना हवा असतो धूर. कोठे डेंग्यूचा रुग्ण निघाला की फवारणीची मागणी होते, धुराचे यंत्र गल्लीतून आवाज करत जाते आणि ग्रामपंचायतीने काम केले असे सगळ्यांना वाटते. धुराने त्या क्षणी उडत असलेले काही डास मरतात. बॅरलमधल्या अळ्यांना त्याचा स्पर्शही होत नाही, आणि आठवड्याभरात नवे डास उडू लागतात. साथीच्या ऐन वेळी, बाधित घराच्या आत व आसपास, अळ्यांचा नायनाट करता करता केलेली धूरफवारणी उपयोगी आहे. एरवी तो पैसा शोषखड्ड्यांत आणि झाकणांत घातलेला बरा.

रात्री कानाशी गुणगुणणारा डास बहुधा क्युलेक्स असतो. नाल्या, गटारे, संडासाच्या टाक्या यांतल्या घाण पाण्यात तो लाखांनी निपजतो. स्वच्छता मोहिमेत गावोगाव संडास झाले, त्यांच्या गॅसच्या पाइपला जाळी मात्र बसली नाही, आणि प्रत्येक टाकी डासांचा कारखाना बनली. पाइपच्या तोंडाला नायलॉनची जाळी किंवा जुने कापड बांधणे हा दहा मिनिटांचा इलाज आहे. क्युलेक्सचा जिवाला धोका बीडमध्ये तुलनेने कमी असला तरी शेजारी तो आहे. हत्तीरोगग्रस्त जिल्ह्यांच्या यादीत लातूर आणि धाराशिव ही नावे आहेत, पूर्व विदर्भ तर त्याने पिढ्यान्‌पिढ्या पिळला आहे. या रोगाचे सूक्ष्म कृमी रात्रीच रक्तात उतरतात, म्हणून तपासणीचे नमुनेही रात्री घ्यावे लागतात. क्युलेक्सचीच दुसरी एक जात भाताच्या खाचरांत वाढते आणि डुकरे व बगळ्यांकडून जपानी मेंदूज्वर माणसात आणते. तो प्रश्न भंडारा-गोंदियाकडचा. ज्वारी-कापसाच्या बीडमध्ये त्याला फारशी जागा नाही.

सांडपाण्यावर मराठवाड्याने स्वतःचा एक उपाय शोधला. नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघर शोषखड्डे घेऊन उघड्या नाल्याच बंद केल्या आणि डास जवळपास हटवले. चार फूट लांब-रुंद-खोल खड्डा, मधोमध भोके असलेली सिमेंटची टाकी, भोवती दगड-खडी. सांडपाणी जमिनीत मुरते, वर काही उरत नाही. रोजगार हमीच्या निधीतून हे काम पुढे जिल्हाभर पसरले आणि ‘नांदेड पॅटर्न’ म्हणून राज्यात ओळखले गेले. विहिरीच्या पाण्याची पातळी वाढायला हातभार लागतो तो वेगळाच. बीडच्या गावांना याहून जवळचा धडा शोधण्याची गरज नाही.

चिकुनगुन्याची तर या भागाशी जुनी ओळख आहे. १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत त्याची मोठी साथ आली, बीडपासून शंभरएक किलोमीटरवर. शंभरातल्या सदतीस-अडतीस जणांना लागण झाल्याची नोंद आहे. त्यानंतर हा विषाणू देशातून जणू नाहीसा झाला, बत्तीस वर्षे त्याची साथ नाही. २००५ च्या अखेरीस तो आंध्रात परतला आणि २००६ मध्ये मराठवाड्यासह अर्ध्या देशात पसरला. त्या वर्षी देशात तेरा लाखांहून अधिक संशयित रुग्ण झाले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने विषाणूची तपासणी केली तेव्हा कळले की बार्शीच्या वेळचा आशियाई प्रकार हा नव्हे, हा आफ्रिकेतून आलेला वेगळा प्रकार. त्याच सुमारास हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर एक तृतीयांश लोकसंख्या या तापाने पडली होती. मरण क्वचित येते, पण सांधे महिनोन्‌महिने धरून राहतात. हातावर पोट असलेल्या घरात कोयता किंवा खुरपे धरता न येणे ही मोठी आपत्ती असते. मृत्यूच्या आकड्यांवर रोगाचे महत्त्व ठरवणाऱ्या पद्धतीत ही आपत्ती मोजलीच जात नाही.

झिका याच एडिसचे नवे ओझे. महाराष्ट्रातला पहिला रुग्ण जुलै २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावात सापडला. २०२४ मध्ये पुणे शहरात अनेक रुग्ण आढळले आणि गर्भवतींची तपासणी करावी लागली, कारण हा विषाणू गर्भातल्या बाळाच्या मेंदूची वाढ खुंटवू शकतो. पीतज्वरही हाच डास पसरवतो. तो भारतात आजवर आलेला नाही, आणि येऊ नये म्हणून आफ्रिकेतून व दक्षिण अमेरिकेतून येणाऱ्या प्रवाशांकडे लसीचा दाखला मागितला जातो.

नागपूरजवळच्या चांदीपुराच्या नावाने ओळखला जाणारा विषाणू लोक डासांच्या खात्यात टाकतात. तो १९६५ मध्ये तिथे सापडला आणि मुलांमध्ये मेंदूज्वराच्या साथी आणतो, पण त्याचा वाहक मुख्यतः वालुमाशी, मातीच्या भिंतींच्या भेगांत राहणारी. त्यावरचा उपाय वेगळा, भिंती लिंपण्याचा.

आजारी पडल्यावरच्या गोंधळाबद्दलही लिहायला हवे. डेंग्यूच्या हंगामात बीड, अंबाजोगाईच्या दवाखान्यांबाहेर ‘पेशी कमी झाल्या’ हे वाक्य सतत ऐकू येते. नातेवाईक प्लेटलेटच्या पिशवीसाठी धावतात, ड्रॅगन फ्रूट आणि पपईच्या पानांचा रस शोधतात. डेंग्यूत खरा धोका रक्तातला द्रव केशवाहिन्यांतून बाहेर झिरपण्याचा असतो, आणि तो ताप उतरताना, साधारण चौथ्या ते सातव्या दिवसांत येतो. घरच्यांना वाटते ताप गेला, बरे झाले. तेव्हाच पोटात जोराने दुखणे, सारख्या उलट्या, हात-पाय गार पडणे, लघवी कमी होणे, हिरड्यांतून रक्त ही लक्षणे पाहायची असतात. योग्य वेळी, योग्य मोजमापाने दिलेले सलाइन बहुतेक जीव वाचवते. रक्तस्राव नसेल तर नुसता आकडा घसरला म्हणून प्लेटलेट चढवण्याची सहसा गरज नसते. तापाला पॅरासिटॅमॉल चालते. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन यांनी रक्तस्राव वाढू शकतो. पहिल्या पाच दिवसांत एनएस-१ आणि नंतर आयजीएम ही चाचणी एलायझा पद्धतीने केलेली खात्रीची.

लसींच्या बाबतीत जरा आशा आहे. हिवतापावरची आर-२१ ही लस ऑक्सफर्डची, पण ती बनते पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये. ऑक्टोबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिची शिफारस केली आणि आता ती आफ्रिकेतल्या मुलांना मिळते. डेंग्यूच्या देशी लसीची तिसऱ्या टप्प्यातली चाचणी २०२४ मध्ये सुरू झाली. इंडोनेशियातल्या योग्यकार्ता शहरात वोल्बाकिया जीवाणू असलेले एडिस सोडून डेंग्यू ७७ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. हे सगळे यायचे तेव्हा येईल. बीडच्या बॅरलला कापड आजच बांधता येते.

बांधायला मात्र नुसती इच्छा पुरत नाही. नळ एक दिवसाआड आला असता तर एवढे साठवावे लागले नसते. डेंग्यूची फाइल हिवताप कार्यालयात आणि पाण्याची फाइल पाणीपुरवठा विभागात, हे अंतर मिटल्याशिवाय जिल्ह्यात फार बदल होणार नाही. टँकरचे वेळापत्रक ठरते तेव्हा त्याच बैठकीत तालुका आरोग्य अधिकारी असावा. टँकरवरच्या प्रत्येक गावाला बॅरलची झाकणे टंचाई निधीतून मिळावीत. कारखान्याच्या हंगामाआधी टोळ्यांना मच्छरदाण्या आणि तपासणीचे कार्ड मिळावे. ग्रामसभा मे महिन्यात भरते, पाऊस जूनमध्ये येतो. या वेळच्या सभेत आपल्या गावातल्या उघड्या टाक्या, हौद आणि जाळी नसलेले पाइप किती, एवढा एक प्रश्न वाचकांनी उभे राहून विचारावा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावे.